नावावर वॉरंट निघालं असेल तर

तालुक्याच्या फौजदारी न्यायालयात सकाळी अकराच्या सुमाराला बोर्डावरची प्रकरणं पुकारायला सुरुवात होते. शिपाई दाराशी येऊन नाव घेतो, थोडं थांबून पुन्हा घेतो, मग बाहेर झाडाखाली बसलेल्यांपर्यंत पोचेल अशा आवाजात तिसऱ्यांदा घेतो. कोणी उठलं नाही की आत रोजनाम्यावर एक ओळ पडते : आरोपी गैरहजर, अजामीनपात्र वॉरंट काढावे. पुढची तारीख लागते आणि दुसरं नाव पुकारलं जातं. ज्याच्या नावानं हे घडलं तो त्या वेळी शेतात सोयाबीन सोंगत असतो, नाहीतर पुण्याकडे एखाद्या बांधकामावर माल कालवत असतो. आपल्या नावानं कागद निघाला, हे त्याच्या गावीही नसतं.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके. शेती बहुतेक पावसावरची, कारखानदारी नावापुरती. २०१८ साली केंद्र सरकारनं आकांक्षित जिल्हे निवडले तेव्हा महाराष्ट्रातून घेतलेल्या चार जिल्ह्यांत वाशिम होता. दिवाळी झाली की इथली कित्येक कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीवर, शहरांतल्या बांधकामांवर जातात आणि उन्हाळा सरताना परततात. पेशीची तारीख मात्र हंगाम पाहून लागत नाही. धुऱ्यावरून झालेली मारामारी, हातभट्टीची दारू, जुगार, न वटलेला धनादेश, थकलेली पोटगी अशा प्रकरणांत अडकलेला माणूस एक-दोन पेश्या चुकवतो, वकिलाचा फोन लागत नाही, आणि वॉरंट निघतं. अशा माणसाला फरार म्हणणं मला पटत नाही. तो कुठे पळालेला नसतो. पण कागदावर त्याची आणि पळालेल्याची नोंद सारखीच दिसते, आणि पोलीस दारात येतात ते कागद पाहूनच.

म्हणून हा कागद कसा निघतो, आपल्या नावावर आहे की नाही हे कसं कळतं आणि असेल तर काय करायचं, हे गावात कुणाला तरी नीट ठाऊक असायला हवं.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, वॉरंटची रीत फारशी बदलली नाही. आधी समन्स येतं. म्हणजे अमुक तारखेला हजर राहा, असा न्यायालयाचा निरोप. माणूस घरी नसेल तर ते घरातल्या प्रौढ व्यक्तीकडे देता येतं. जुन्या कायद्यात ही व्यक्ती पुरुषच असावी लागे. नव्या कायद्यानं ती अट काढली, त्यामुळे आता आईनं किंवा बायकोनं घेतलेलं समन्सही बजावलेलं धरलं जातं. घरात कुणीच सापडलं नाही तर प्रत दारावर चिकटवता येते. कुटुंब सहा महिने बाहेर असताना दारावर चिकटवलेला कागद पावसावाऱ्यात राहत नाही, पण बजावणीचा अहवाल न्यायालयात जातो.

समन्स मिळूनही माणूस आला नाही तर जामीनपात्र वॉरंट निघतं. किती रकमेचा जातमुचलका, किती जामीनदार आणि कोणत्या तारखेला हजर व्हायचं, हे त्याच्यावरच लिहिलेलं असतं. पोलिसांनी तेवढं लिहून घेऊन माणसाला सोडायचं असतं. कोठडीत ठेवायचं नसतं. त्यालाही दाद मिळाली नाही तर अजामीनपात्र वॉरंट. यात पोलिसांना सोडण्याचा अधिकार नाही, न्यायालयापुढेच उभं करावं लागतं. जामिनावर सुटलेला आरोपी पेशीला आला नाही तर मात्र पुष्कळदा मधली पायरी गाळून थेट हेच निघतं, कारण त्यानं हजर राहण्याचं लिहून दिलेलं असतं आणि ते मोडलेलं असतं.

इथे लोकांचा एक घोळ होतो. ‘माझा गुन्हा जामीनपात्र आहे, मग वॉरंट अजामीनपात्र कसं?’ असं विचारलं जातं. गुन्हा जामीनपात्र असणं आणि वॉरंट जामीनपात्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या मारहाणीच्या खटल्यातही सतत गैरहजर राहिलं तर अजामीनपात्र वॉरंट निघू शकतं. शिवाय एकदा जामिनाची अट मोडली की त्याच प्रकरणात पुन्हा जामीन नाकारण्याची मुभा न्यायालयाला आहे, गुन्हा जामीनपात्र असला तरी. क्षुल्लक खटला म्हणून पेशी टाळणाऱ्यानं हे आधी लक्षात घ्यावं.

दुसरा घोळ मुदतीचा. वॉरंटवर ते न्यायालयाकडे परत करण्याची तारीख असते. ती उलटली की कागद रद्द झाला, असं गावात छातीठोक सांगणारे भेटतात. कायदा तसं म्हणत नाही. ज्या न्यायालयानं ते काढलं त्यानं रद्द करेपर्यंत किंवा ते बजावलं जाईपर्यंत वॉरंट जिवंत राहतं. भारतात कुठेही ते बजावता येतं. आरोपी वर्षानुवर्षं सापडला नाही तर प्रकरण न्यायालयाच्या डॉरमंट फाईलवर जातं, म्हणजे बाजूला ठेवलं जातं. ते संपत नाही. माणूस सापडला की फाईल पुन्हा वर येते. मधल्या काळात न्यायालय जाहीरनामा काढू शकतं. तो गावात जाहीर वाचला जातो, घरावर लावला जातो आणि हजर होण्यासाठी किमान ३० दिवस दिले जातात. तरीही न आल्यास मालमत्तेवर जप्ती येऊ शकते आणि जाहीरनाम्याला न जुमानणं हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मूळ खटला पाच-पन्नास रुपयांच्या जुगाराचा असला तरी.

आता आपल्या नावावर वॉरंट आहे का, हे शोधायचं कसं? वॉरंटची गावनिहाय यादी कुठे लावलेली नसते. पण खटल्याचा माग काढता येतो आणि त्यातून वॉरंट कळतं. ई-कोर्ट्सचं संकेतस्थळ आणि मोबाइलवरचं ॲप दोन्ही फुकट आहेत. राज्य महाराष्ट्र, जिल्हा वाशिम, मग न्यायालय निवडायचं. खटला क्रमांक ठाऊक असेल तर उत्तमच. नसेल तर पक्षकाराच्या नावानं आणि वर्षानं, किंवा पोलीस ठाणं आणि गुन्हा क्रमांक घालून शोधता येतं. नाव इंग्रजीत टाकताना दोन-तीन प्रकारे टाकून पाहावं. एकच आडनाव तिथे वेगवेगळ्या स्पेलिंगनं भरलेलं असतं. खटला सापडला की त्याचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक दिसतो. तो वहीत लिहून ठेवावा. पुढे कधीही एवढ्या एका क्रमांकावर खटला उघडतो.

उघडलेल्या पानावर दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, खटल्याचा टप्पा. तिथे ‘एन. बी. डब्ल्यू. अनरेडी’ असं दिसलं तर अजामीनपात्र वॉरंट निघालं आहे आणि खटला त्याच्यापायी अडला आहे, असं समजावं. ‘समन्स’ किंवा ‘बी. डब्ल्यू.’ म्हणजे जामीनपात्र वॉरंट असेल तर अजून बराच अवकाश आहे. दुसरी, मागच्या तारखांची यादी. प्रत्येक तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशी काय झालं ते थोडक्यात वाचता येतं. मात्र खटल्यात आरोपी चार असतील तर वॉरंट नेमकं कुणाचं, हे तेवढ्यावरून कळेलच असं नाही. त्यासाठी रोजनामाच पाहावा लागतो. वकिलाकरवी तो पाहता येतो किंवा त्याची नक्कल मागता येते. ज्याला मोबाइलवर हे जमत नाही त्यानं न्यायालयाच्या आवारातल्या ई-सेवा केंद्रात विचारावं.

कोणतं न्यायालय, हेच पुष्कळांना माहीत नसतं. गुन्हा कोणत्या पोलीस ठाण्यात नोंदला यावरून ते ठरतं. अनसिंगचं ठाणं वाशिम तालुक्यात, आसेगावचं मंगरुळपीर तालुक्यात, शिरपूर आणि जऊळका मालेगावात, धनज कारंज्यात. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा खटला बहुधा तालुक्याच्या गावीच चालतो, गंभीर गुन्ह्याचा सत्र न्यायालयात. धनादेशाचं किंवा पोटगीचं प्रकरण असेल तर पोलीस ठाण्याचा संबंधच येत नाही आणि ते अकोल्यात, पुण्यात, बायकोच्या माहेरच्या तालुक्यातही असू शकतं. तेव्हा एका जिल्ह्यात नाव सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नये.

पोलीस ठाण्यातही विचारता येतं. बीट अंमलदाराकडे किंवा पैरवी अधिकाऱ्याकडे वॉरंटची नोंद असते, आणि गावात पोलीस पाटलाच्या कानावर ते बहुधा आलेलं असतं. पण अजामीनपात्र वॉरंट असल्याची शंका असेल तर विचारायला एकट्यानं ठाण्यात जाऊ नये. ठाणेदारानं तिथेच अटक केली तर तो त्याचं कर्तव्यच करत असेल. आधी वकील, मग न्यायालय. हा क्रम बरा.

वॉरंट मिटवण्याची मुख्य वाट एकच आहे : ज्या न्यायालयानं ते काढलं, तिथे जाऊन रद्द करून घेणं. ठाण्यात ते रद्द होत नाही, नेत्याच्या फोनवर होत नाही, फिर्यादीनं ‘आमचं मिटलं’ म्हटल्यावरही आपोआप होत नाही. वकील वॉरंट रद्द करण्याचा अर्ज देतो. त्यात गैरहजेरीचं कारण लिहायचं असतं, आणि ते खरं असावं. दवाखान्याची चिठ्ठी, ऊसतोडीच्या मुकादमाकडचा कागद, एसटीचं किंवा रेल्वेचं तिकीट, मयताचा दाखला, जे असेल ते जोडावं. सहायक सरकारी वकिलांचं म्हणणं घेतलं जातं. न्यायाधीशांना कारण पटलं तर वॉरंट रद्द होतं, बहुधा काही रक्कम खर्च म्हणून भरायला लावतात, नवा जातमुचलका घेतात, कधी जामीनदारही नव्यानं मागतात. म्हणून जाताना आधार कार्ड, फोटो आणि जामीनदार राहू शकेल असा सातबारावाला माणूस बरोबर असलेला बरा. ज्याच्यावर गंभीर गुन्हा आहे किंवा जो अनेकदा गैरहजर राहिला आहे, त्याला त्या दिवशी कोठडीत जावं लागण्याची शक्यता असते. हे वकिलानं त्याला आधीच स्पष्ट सांगायला हवं.

सर्वोच्च न्यायालयानं या बाबतीत साध्या माणसाच्या बाजूनं बरंच सांगून ठेवलं आहे. २००७ साली इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात आधी समन्स, मग जामीनपात्र, आणि अगदी गरज पडली तरच अजामीनपात्र वॉरंट, असा क्रम घालून दिला. जुलै २०२२ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात त्याहून उपयोगाची गोष्ट सांगितली. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या सर्वसाधारण गुन्ह्यांत, वॉरंट बजावलं जाण्यापूर्वी आरोपीच्या वतीनं अर्ज आला आणि पुढच्या तारखेला हजर राहण्याची त्यानं हमी दिली, तर तो प्रत्यक्ष समोर नसतानाही न्यायालय वॉरंट रद्द करू शकतं किंवा त्याचं जामीनपात्र वॉरंट वा समन्स करू शकतं. सांगलीकडे ऊस तोडणाऱ्या रिसोडच्या मजुराला याचा अर्थ असा, की त्यानं आज वकिलाला सांगितलं तर पोलीस त्याच्या कोपीवर पोचण्याआधी हा विषय हातात घेता येतो. तालुक्याच्या न्यायालयात अर्ज करताना वकिलानं या निकालाचा उल्लेख जरूर करावा. मे २०२४ मध्ये शरीफ अहमद प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की अजामीनपात्र वॉरंट सहजगत्या काढण्याची गोष्ट नाही.

पण वॉरंट रद्द झालं म्हणजे काम संपलं, असं समजून घरी जाऊ नये. मुंबईतल्या एका वकिलांच्या बाबतीत २००२ साली काय झालं ते पाहावं. एका फौजदारी खटल्यात त्यांच्या नावानं अजामीनपात्र वॉरंट निघालं होतं. त्यांनी न्यायालयात जाऊन ते रद्द करून घेतलं. तरी कागद कुलाबा पोलीस ठाण्यातच राहिला, आणि १५ ऑगस्टला, न्यायालयं बंद असताना, त्याच कागदावर त्यांना अटक झाली. वॉरंट रद्द झाल्याचं त्यांनी सांगूनही उपयोग झाला नाही. कायदा जाणणाऱ्या, मुंबईत राहणाऱ्या माणसाची ही गत. या अटकेबद्दल मिळालेली भरपाई वाढवून मागायला ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ती वाढली नाही, पण भसीन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०११ च्या निकालात न्यायालयानं सगळ्या देशासाठी नियम घालून दिले. प्रत्येक न्यायालयानं वॉरंटची नोंदवही ठेवायची आणि तिच्यातला अनुक्रमांक वॉरंटवर टाकायचा. पोलीस ठाण्यातही तशीच नोंदवही असायची आणि कागद ठरावीक अंमलदाराच्या नावे सोपवायचा. वॉरंट रद्द झालं की तो आदेश नोंदवहीत चढवायचा, ठाण्याकडून न बजावलेला कागद ताबडतोब परत मागवायचा आणि रद्द झाल्याच्या आदेशाची प्रत आरोपीलाही द्यायची.

ही शेवटची प्रत आपल्याकडे फार थोडे लोक मागतात. ती मागितलीच पाहिजे. तिची एक झेरॉक्स ठाण्यात द्यावी, दुसरीवर पोच घ्यावी, तिसरी खिशात ठेवावी आणि मोबाइलमध्ये फोटोही असावा. न्यायालयातला आदेश आणि ठाण्यातलं कपाट यांच्यात अंतर राहून जातं. ते भरून काढण्याची जबाबदारी खरं म्हणजे यंत्रणेची आहे, पण चूक झाली तर रात्र माणसाला कोठडीत काढावी लागते.

अटक झालीच तर काही गोष्टी ठाऊक असाव्यात. वॉरंट लेखी असतं, त्यावर न्यायाधीशांची सही आणि न्यायालयाचा शिक्का असतो. पोलिसांनी त्यातला मजकूर सांगायचा असतो आणि मागितल्यास कागद दाखवायचा असतो. नातलगांना कळवायचं असतं. अपवाद वगळता बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायालयापुढे उभं करावंच लागतं. सुटीच्या दिवशीही त्यासाठी न्यायदंडाधिकारी असतात. मानोऱ्याचं वॉरंट पुण्यात बजावलं गेलं तर, वॉरंट काढणारं न्यायालय ३० किलोमीटरच्या आत नसल्यानं, साधारणपणे आधी तिथल्या दंडाधिकाऱ्यांपुढे नेतात. गुन्हा जामीनपात्र असेल तर तिथेच जामीन देता येतो. अशा वेळी घरच्यांनी मानोऱ्यातल्या वकिलाला फोन करून खटल्याचा क्रमांक पुण्याला कळवावा; निम्मी धावपळ त्यानं वाचते.

जामीनदाराचं दुःख वेगळंच. शेजारधर्म म्हणून सातबारा घेऊन तो उभा राहिलेला असतो. आरोपी गैरहजर राहिला की मुचलका जप्त करण्याची नोटीस त्याला येते आणि रक्कम दंडासारखी वसूल होऊ शकते. त्यानं नोटिशीला उत्तर द्यावं, आरोपीला शोधून हजर करावं, आणि दंड कमी करण्याची विनंती करावी. तसा अधिकार न्यायालयाला आहे. आरोपी भरवशाचा राहिला नाही असं वाटलं तर जामीनदारकीतून मोकळं करण्याचा अर्जही आधीच देता येतो. साक्षीदारांवरही वॉरंट निघतं. पंच म्हणून सही केलेला माणूस दहा वर्षांनी आलेलं समन्स बाजूला टाकतो आणि मग पोलीस त्याला न्यायला येतात. पोटगीचं वसुली वॉरंट मात्र नुसत्या अर्जानं टळत नाही. थकबाकी भरावी लागते. दर महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते आणि कैद भोगूनही पैसे माफ होत नाहीत. तिथे समोर एक बाई आणि मुलं उपाशी असतात, हेही विसरू नये.

किरकोळ प्रकरण असेल तर नुसतं वॉरंट रद्द करून थांबू नये. तडजोडीला पात्र मारहाण किंवा धनादेशाचं प्रकरण लोकअदालतीत कायमचं मिटतं. गुन्हा कबूल करून दंड भरण्याची वाटही असते, पण त्यानं दोषसिद्धी नावावर लागते. नोकरीला लागू पाहणाऱ्या पोरानं वकिलाला विचारल्याशिवाय ती धरू नये. परदेशी कामाला जायचं असेल तर पासपोर्ट कायद्यानुसार प्रलंबित वॉरंटवरून पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो.

व्हॉट्सॲपवर आलेलं ‘वॉरंट’ आणि व्हिडिओ कॉलवरून होणारी ‘डिजिटल अटक’ ही निव्वळ लूट आहे. कायद्यात अशी अटक नाही. खरं वॉरंट पैसे पाठवून मिटत नाही. न्यायालयात भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मिळते. असा फोन आला तर १९३० वर तक्रार करावी.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कुणी लपून बसू नये. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. वाशिमला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला विधी सेवा समित्या आहेत, आणि आरोपींचा बचाव करण्यासाठी लोकअभिरक्षक वकिलांची योजना आहे. गावातल्या शिकलेल्या मुलामुलींना माझी विनंती आहे : शेजारपाजारच्या ज्या घरांत कोर्टाचा जुना कागद पडून आहे, त्यांचे खटले एकदा मोबाइलवर उघडून पाहा, पुढची तारीख त्यांना वाचून दाखवा आणि वॉरंट दिसलं तर १५१०० हा विधी सेवेचा मोफत क्रमांक लावून द्या.